बदली निरोप्या

रविवारी सकाळी डोनेचा, ब्लागाच्या बापाचा, फोन बोलला तेव्हा तिचे दोन्ही हात भाजलेल्या मिरच्यांच्या सालींनी माखले होते. "तुमच्या मुलीला कळवलं आहे," फोन म्हणाला. बाईचा आवाज, गोड आणि धीराचा, म्हाताऱ्या कानांसाठी जरा मोठा ठेवलेला. अ‍ॅप बनवताना अकरा बायकांचे आवाज ऐकून ब्लागानेच तो निवडला होता. टेबलावर मधोमध लाल मिरच्यांची परात, परातीच्या अलीकडे डोनेचा फोन आणि पलीकडे, हातभर अंतरावर, तिचा. तिचा फोन गप्प होता. तिला वाटलं, आता वाजेल. साल आणि गर बोटाने वेगळे करत ती वाट बघत राहिली. एक मिरची सोलून झाली, दुसरी झाली. गॅरेजमध्ये पिंपावर उरलेल्या मिरच्या भाजत होत्या, त्यांचा धूर आत येत होता आणि डोळे चुरचुरत होते. डोने तिच्याकडे बघत नव्हता. तो दोन्ही फोनांकडे आळीपाळीने बघत होता, फुटबॉलच्या मॅचमध्ये लबाड पंचाकडे बघायचा तसा.

"तातो, आज बटण दाबायला विसरलास?"

"विसरलो नाही. दाबलं नाही."

"का?"

"आठ वाजता त्याने विचारलं, बरे आहात का. म्हटलं, आज नाही बरा. बघू काय करतोस. अर्धा तास थांबला. आता म्हणतोय, कळवलं." त्याने सुरीच्या मुठीने तिचा फोन तिच्यापुढे सरकवला. "तुला कळलं का?"

"कधी कधी वेळ लागतो."

"लागू दे. मिरच्या सोल."

त्यांनी सगळी परात सोलली. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. तिला राग यायला लागला. सुरुवातीला तो बापावर होता. सेहेचाळीस वर्षांची बाई ती, तिला शाळेतल्या पोरीसारखं टेबलाशी बसवून परीक्षा घ्यायची म्हणजे काय? साधं फोन करून सांगता येत नव्हतं? मिरच्यांच्या दिवसांत दर वर्षी ती येतेच, आईच्या माघारी एकदाही चुकली नाही, आणि हा माणूस तिला आजवर म्हणाला नाही की मिरच्यांबरोबर फोन पण समोर ठेवून बस. साडेनऊला डोनेने हात धुतले, पुसले, आणि पाठमोरा उभा राहून म्हणाला, "रिस्तो पडला. मंगळवारी."

रिस्तो म्हणजे तीन घरं खाली राहणारा रिस्तोकाका. डोनेच्याच गावचा, एकाच बोटीने या देशात आलेला, एकाच भट्टीवर सव्वीस वर्षं काम केलेला. बायको वारली, मुलगा गोरान तिकडे पर्थला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी सात वाजता न्हाणीघरात पाय घसरला. फोन अंगातल्या झग्याच्या खिशात होता. आठ वाजता फोनने विचारलं, त्याचा हात खाली दबलेला, बटण दाबता आलं नाही. साडेआठला ती बाई म्हणाली, "तुमच्या मुलाला कळवलं आहे." बुधवारी दुपारी पत्त्यांना का आला नाही म्हणून डोने बघायला गेला तेव्हा रिस्तो तिथेच होता. खुबा मोडलेला, जीभ टाळूला चिकटलेली. गोरानच्या फोनवर काहीही गेलं नव्हतं. पर्थहून विमानाने येऊन तो आधी हॉस्पिटलात रडला आणि मग डोनेवर ओरडला.

"माझ्यावर कशाला ओरडला, विचार ना," डोने म्हणाला. "मी घालून दिलं होतं हे अ‍ॅप रिस्तोच्या फोनात. पत्त्यांच्या क्लबातल्या चौदा जणांच्या फोनात मी घालून दिलंय. स्टोयन विचारत होता, हे चालतं कशावरून? मी म्हटलं, माझ्या पोरीने केलंय. झालं. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही."

"तातो, हे बघ, निरोप पोचवणारी कंपनी वेगळी असते. आम्ही फक्त त्यांच्या हातात देतो. त्यांच्याकडे काहीतरी..."

"तपासलं होतंस का?"

"रोज तपासतो. दिवसातून पन्नास-साठ वेळा."

"आणि दर वेळी पोचतो?"

"दर वेळी."

डोने वळला. त्याचा चेहरा धुराने लाल झाला होता, की कशाने, तिला कळलं नाही. "मग ते दुसरं कोणीतरी आहे," तो म्हणाला. "ज्याला पोचतो ते."

त्या वाक्याने ती जागच्या जागी थिजली, कारण ते शब्दशः खरं होतं आणि त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. गाडी चालवत घरी जाताना, डाव्या हाताला कारखान्याची धुरांडी आणि उजव्या हाताला डोंगराची काळी भिंत, तिला ते दुसरं कोणीतरी दिसत राहिलं. त्याचं नावही डोने होतं. चार वर्षांपूर्वी, अ‍ॅपचं काम नुकतं सुरू झालं तेव्हा, तिनेच त्याला जन्म दिला होता. कोडचा एकेक तुकडा तपासायचा तर खरं जग मध्ये घेऊन चालत नाही. दर तपासणीला कोण खरा म्हातारा पाडणार, कोण अर्धा तास थांबणार, कोण खऱ्या मुलीला खरा निरोप पाठवून घाबरवणार? म्हणून खऱ्याच्या जागी सोंग उभं करायचं. त्या धंद्यात त्याला मॉक म्हणतात. ब्लागा त्याला बदली म्हणायची, बापाकडून ऐकलेला शब्द: कोणी रजेवर गेला की त्याच्या जागी एका दिवसापुरता येतो तो बदली कामगार. बदली घड्याळ, ते एका झटक्यात आठचे साडेआठ करतं. बदली म्हातारा, डोने. बदली मुलगी, ब्लागा. आणि या दोघांच्या मध्ये बदली निरोप्या, ज्याला एकच शब्द शिकवलेला होता: पोचला. काहीही दे त्याच्या हातात, तो म्हणणार, पोचला. पहिल्या आठवड्यात घाईघाईने लिहिला होता. वर एक ओळ लिहून ठेवली होती: हा तात्पुरता आहे. चार वर्षं तो खोटा डोने दिवसातून साठ वेळा पडत होता आणि साठही वेळा खोट्या ब्लागाला निरोप पोचत होता. तिकडे सगळं कुटुंब सुखात होतं. इकडे रिस्तोकाका फरशीवर एकोणतीस तास.

आणि हे सगळं केलं कशासाठी, तर आईसाठी. हे आठवलं तेव्हा तिने स्टिअरिंगवर इतक्या जोरात हात आपटला की हॉर्न वाजला आणि पुढच्या गाडीतल्या माणसाने खिडकीतून हात बाहेर काढून बोट दाखवलं. आई. वासिलका. फोन केला की दर वेळी तेच: सगळं ठीक आहे, तू तुझं काम कर. खोकला येत होता, सगळं ठीक. वजन उतरलं, सगळं ठीक. शेवटी शेवटी तर ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बोलत होती, मागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चाललेला, आणि ब्लागाने विचारलं, कुठे आहेस? तर म्हणाली, दुकानात. सगळं ठीक आहे. ब्लागाने तेव्हा फोन ठेवला आणि कामाला लागली, कारण उत्तर मिळालं होतं. उत्तर मिळाल्यावर पुढे विचारायची सवयच नव्हती तिला. आई गेल्यावर तिने ठरवलं होतं, असं काहीतरी करायचं की कुणालाही खोटं बोलता येणार नाही. बटण दाबलं तर बरं, नाही दाबलं तर नाही. आणि मग तिने स्वतःच्या हाताने एक निरोप्या बनवला, ज्याला खरं बोलणं शिकवलंच नाही. आईवरचा तो जुना राग, इतकी वर्षं कुठेतरी खाली गाळासारखा बसलेला, तो वर आला. तिला आईचाही राग आला आणि स्वतःचाही, आणि दोन्ही राग वेगवेगळे करता येईनात.

सोमवारी सकाळी ऑफिसात कोणी यायच्या आत ती येऊन बसली. खऱ्या निरोप्याने गेल्या महिन्यात काय काय उत्तरं दिली त्याच्या नोंदी तिने उघडल्या. पूर्वी तो हातात कागद दिला की तिथल्या तिथे सांगायचा, पोचला किंवा नाही पोचला. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी पद्धत बदलली होती. आता तो आधी म्हणत होता, घेतला, नंतर कळवतो. आणि काही मिनिटांनी खरोखर कळवत होता. पर्थच्या नंबरासमोर त्याने कळवलेलं होतं. नाही पोचला. स्वच्छ अक्षरात, मंगळवार, आठ बत्तीस. काल सकाळच्या तिच्या स्वतःच्या नंबरासमोरही तेच. तो बिचारा परत येऊन दार ठोठावत होता, आणि आत कोणी नव्हतं. अ‍ॅपने त्याच्या हातात निरोप दिला, तो उंबरा ओलांडून गेला, आणि अ‍ॅपने म्हाताऱ्याला सांगून टाकलं, कळवलं आहे.

मग तिला वाटलं, ठीक आहे, हे टेस्टमध्ये का सापडलं नाही ते तरी बघू. तिने बदली निरोप्याची फाइल उघडली. वीस ओळींची. तिच्यात एकच उत्तर होतं. तिने 'पोचला' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'नाही पोचला'. आता दोनशे बारा टेस्टपैकी निदान साठ तरी कोसळतील, असा तिचा हिशेब होता. कोसळल्या की कुठे कुठे काय चुकलं ते कळेल. तिने त्या चालवल्या आणि चहा आणायला उठली. परत आली तेव्हा पडदा हिरवा होता. दोनशे बारापैकी दोनशे बारा पास. तिला वाटलं, फाइल जतन करायची राहिली. जतन केली, पुन्हा चालवल्या. हिरवा. निरोप्या ओरडून सांगत होता, नाही पोचला, नाही पोचला, आणि तिच्या दोनशे बारा टेस्ट त्याला हसून म्हणत होत्या, छान. तिने एकेक टेस्ट उघडून वाचायला सुरुवात केली. स्वतःचंच अक्षर वाचावं तसं वाटत होतं, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नावाने आलेलं. प्रत्येक टेस्ट शेवटी एकच प्रश्न विचारत होती: निरोप्याला बोलावलं होतं का? हो. एकदाच बोलावलं होतं का? हो. झालं तर मग. तो काय म्हणाला, हे एकीनेही विचारलं नव्हतं. चार वर्षांत एकीनेही नाही. चहा तिथेच गार झाला.

तिला बापाची ती गोष्ट आठवली जी तिने लहानपणी शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा कंटाळली होती. कारखान्यात कोक-कोळशाच्या भट्ट्यांपाशी वायू सुटायचा, वास नसलेला. माणूस बसल्या जागी झोपी जायचा आणि उठायचा नाही. भिंतीवर एक पेटी होती, वायू आला की तिचा लाल दिवा लागून भोंगा वाजणार. दर सोमवारी फोरमन यायचा, पेटीवरचं बटण दाबायचा, दिवा लागायचा, भोंगा वाजायचा, फोरमन वहीत खूण करायचा आणि जायचा. डोनेने एकदा पाहिलं, पेटीच्या खालची हवा ओढणारी नळी कोळशाच्या भुकटीने गच्च बुजलेली आहे. त्याने सांगितलं. फोरमन म्हणाला, दिवा लागतो की नाही? मग डोनेने पाना घेतला, पेटी भिंतीवरून उतरवली, जिथे वायू आहे हे सगळ्यांना माहीत होतं तिथे, तोंडाला फडकं बांधून, दोरीने सोडली आणि दहा मिनिटांनी ओढून घेतली. पेटी मुकी. ती त्याने फोरमनच्या टेबलावर आणून ठेवली, डब्यातल्या सँडविचवर. त्याबद्दल त्याला दोन वर्षं यार्ड झाडायला लावलं. लहानपणी तिला या गोष्टीतलं सँडविच तेवढं आवडायचं.

"तू आज हसते आहेस की रडते आहेस?" थुईने विचारलं. थुई शेजारच्या टेबलावर बसायची, टेस्ट लिहिण्याचं निम्मं काम तिचं. येताना नेहमीसारखी पिशवीभर संत्री आणली होती. ब्लागाने तिला पडदा दाखवला. मग फाइल दाखवली. थुई बराच वेळ वाचत राहिली.

"बाई गं," ती म्हणाली. "आपण चार वर्षं निरोप्याला दारातून हाकलल्याची पावती फाडतोय."

"माझी आहे ती फाइल."

"टेस्ट निम्म्या माझ्या आहेत. सगळं श्रेय एकटीने घेऊ नकोस."

अकराला ग्रँट आला. ग्रँट हॉलोवे, या सगळ्यांचा वरिष्ठ, उंच, उन्हाने तांबूस झालेला, कुणाशी वाईट न बोलणारा. त्याच्या हातात कागद होता. दुसऱ्या दिवशी नगरपालिका हे अ‍ॅप गावातल्या चार हजार एकट्या म्हाताऱ्यांच्या फोनात घालणार होती. वाचनालयापुढच्या हिरवळीवर कार्यक्रम, सॉसेज भाजायची व्यवस्था, महापौर. त्याआधी एका कागदावर ब्लागाची सही हवी होती. सगळ्या चाचण्या केल्या आणि सगळ्या उत्तीर्ण झाल्या, एवढंच त्यात लिहिलं होतं. आणि ते खरंच होतं, हीच तर त्यातली गंमत. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"रिस्तो वेल्कोव्हचं मला कळलंय," ग्रँट आवाज खाली आणून म्हणाला. "फार वाईट झालं. पण ते निरोपवाल्या कंपनीचं आहे, ब्लागा. त्यांनी पद्धत बदलली, आपल्याला नीट सांगितलं नाही. वकिलांचंही तेच म्हणणं आहे. आपल्या बाजूने सगळं हिरवं आहे."

"हे बघ." तिने त्याच्या देखत निरोप्याचं उत्तर पुन्हा 'पोचला' केलं. टेस्ट चालवल्या. हिरवा. मग 'नाही पोचला' केलं. हिरवा. मग तिने तिथे लिहिलं, 'रिस्तो मेला'. चालवल्या.

हिरवा.

ग्रँट पडद्याकडे बघत राहिला. त्याला कळत नव्हतं असं नाही. तो मूर्ख नव्हता, आणि तिला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला, की त्याला कळलं आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि मग त्याने ते घडी घालून खिशात ठेवावं तसं आत ठेवलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. दोन आठवडे दे स्वतःला. उद्याचं उद्या होऊन जाऊ दे."

"दोन आठवड्यांत चार हजारांतले किती पडतील?"

"हे बोलणं बरोबर नाही."

"बरोबर नाही म्हणजे? म्हातारी माणसं पडतात ग्रँट, त्यासाठीच तर आपण हे बनवलंय! ती पडणार नसती तर आपली गरज काय होती?"

"आवाज कमी कर."

"का? इथे तर कुणाला ऐकू जात नाही. मी कधीची बघतेय."

ऑफिसात माना वर झाल्या. ग्रँटचा तांबूस चेहरा अजून तांबूस झाला. "एक लक्षात ठेव," तो हळू म्हणाला. "तो बदली तू लिहिला आहेस. मी नाही. कागदोपत्री तुझं नाव आहे त्याच्यावर. हे उकरून काढायचं तर तुझ्यापासून निघेल."

तो हे धमकी म्हणून बोलला नाही, हे तिला ठाऊक होतं. समजूत घालायचा म्हणून बोलला. ते बरोबर वर्मी लागलं, कारण कालपासून ती स्वतःला तेच सांगत होती आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तिला ते फार सोपं वाटलं. हो, माझं नाव आहे. मग? माझं नाव आहे म्हणून तर हात लावायचा हक्क माझा. तिने त्या वीस ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या. फाइलच काढून टाकली. टेस्टना सांगितलं, आता खऱ्या निरोप्याकडे जा, तो काय म्हणतो ते ऐका, आणि तो परत येईपर्यंत थांबा. मग ते सगळं तिने आपल्या नावाने वर चढवलं. भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यावर अ‍ॅपची प्रकृती दिसायची, हिरवा चौकोन, गेले सात महिने न बदललेला. त्या हिरव्याच्या आनंदात त्यांनी मध्यंतरी केकही कापला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. चार मिनिटं लागायची ती नऊ लागली, कारण पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर वाट बघत होतं. मग चौकोन लाल झाला. एकसष्ट टेस्ट पडल्या. चौकोनात खाली नाव आलं: ब्लागा त्रपकोव्स्की.

ऑफिसचा नियम होता, लाल असताना अ‍ॅप बाहेर जात नाही. लाल पुसायचं तर कोणीतरी आपल्या नावाने पुसायचं.

"परत ठेव ते," ग्रँट म्हणाला.

"तू ठेव. ही खुर्ची घे. तुझ्या नावाने ठेव."

त्याने खुर्चीकडे पाहिलं. बसला नाही. "थुई," तो म्हणाला, "जरा कालची फाइल परत आण."

थुई संत्रं सोलत होती. तिने एक फोड तोंडात टाकली, चावली, बी हातात काढली. "माझे हात चिकट आहेत," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. ग्रँट कागद घेऊन काचेच्या खोलीत गेला आणि दार लावून बराच वेळ फोनवर बोलत राहिला. दोन वाजता कळलं, उद्याचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे, तांत्रिक कारणामुळे. तीन वाजता त्याने ब्लागाला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, आम्ही कळवू. "कळवू" म्हणताना तो जरासा अडखळला. तिला त्याच्या त्या अडखळण्याचाही राग आला. एवढं समजतं तर माणूस एवढ्याशा खुर्चीत का बसू शकत नाही? यार्ड झाडायला लावलं मला, तिच्या मनात आलं, आणि आपण बापाची गोष्ट जगतोय हे तिला मुळीच आवडलं नाही. बापाने दुसऱ्याची पेटी उतरवली होती. ही पेटी तिची होती. नळी तिनेच बुजवली होती.

ती पिशवी भरत होती तेव्हा थुईने हात पुसले आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला. ज्यांच्या फोनात अ‍ॅप आधीच होतं अशांची यादी तिच्यापुढे होती, तीनशे दहा नावं. "सगळ्यांना सांगते, फोनातल्या त्या बाईवर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "सुरुवात माझ्या आईपासून. ती आधी तासभर माझ्या लग्नाचं बोलेल. उरलेल्यांची नावं मी उद्या घेते." आणि तिने नंबर फिरवला, कानाला लावला, आणि पलीकडून कोणीतरी उचलेपर्यंत थांबली.

हॉस्पिटलात डोने आधीच येऊन बसला होता. बूट धुळीने भरलेले. दिवसभर तो क्लबातल्या तेरा घरी पायी फिरला होता, डोंगरउतारावरच्या त्या गल्ल्यांतून वर-खाली, दर घरी जाऊन सांगत, की माझ्या पोरीचं ते चालत नाही. त्याने तिला काही विचारलं नाही. तिने सांगितलं, "तो बदली काढून टाकला." तो म्हणाला, "बरं." मग जरा वेळाने, "तुला हाकललं का?" "जवळजवळ." "बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

रिस्तोकाका उशांमध्ये फार लहान दिसत होता. तिला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. ती रस्ताभर तयारी करून आली होती, तो शिव्या देईल, द्याव्यातच, आणि ती खाली मान घालून ऐकेल. पण त्याने तिचा हात धरला आणि थोपटला.

"तुझ्या बापाला सांग, एवढं मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझं यंत्र चांगलं आहे, पोरी. बोललं माझ्याशी. कळवलं म्हणालं."

"पण कळवलं नव्हतं, काका."

"ते मला काय माहीत? मी म्हटलं, गोरानला कळलं, आता तो कुणाला तरी पाठवेल." तो हसला, ओठ अजून फुटलेले होते. "भिंतीपलीकडे ती लेबनीज बाई होती. भांडी घासत होती, गाणं म्हणत होती. ऐकू येत होतं मला. हाक मारली असती तर आली असती. दोन दिवस तिथेच होती ती."

"मग मारली का नाही?"

"येतच आहेत म्हटल्यावर कशाला ओरडायचं?" तो म्हणाला. "अंगावर नीट कपडाही नव्हता. लाज वाटली."

ब्लागाला वाटलं आपण आता ओरडू. कुणावर ते कळेना. कालपासून ती समजत होती की तिचं अ‍ॅप त्या सकाळी काहीच करू शकलं नाही. तसं नव्हतं. त्याने केलं होतं. अकरांतून निवडलेल्या त्या गोड, धीराच्या आवाजाने या माणसाच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काढला नव्हता. तिने खाटेचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरला. नखांत अजून मिरचीचा लाल रंग होता.

डोने तिच्याकडे बघत होता. मग तो उठला, आणि रिस्तोच्या उशाशी लोंबणारं परिचारिकेला बोलवायचं बटण त्याने अंगठ्याने दाबलं. दारावरचा लहान दिवा लाल झाला.

"काय हवंय तुला?" रिस्तोने विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला उगाच..."

"गप्प बस रिस्तो." डोनेने मनगटावरचं घड्याळ वर केलं. ब्लागा दिव्याकडे बघत होती. त्याने तिच्या खांद्याला धरून तिला वळवलं. "दिव्याकडे काय बघतेस? दाराकडे बघ."

तिघं दाराकडे बघत बसली. कॉरिडॉरमध्ये कुठेतरी जेवणाची गाडी खडखडत होती, कोणीतरी खोकलं, लिफ्टचं दार उघडून मिटलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. रिस्तोसुद्धा मान उचलून बघायला लागला होता. चौथ्या मिनिटाला रबरी बुटांचा आवाज आला, आणि दारात एक जाडजूड बाई उभी राहिली, घामाघूम, एका हातात दुसऱ्याच कुणाचं तरी ताट.

"काय झालं?"

"काही नाही," डोने म्हणाला. "येता का ते बघत होतो."

"येता का ते बघत होतात?" तिने ताट खाडकन टेबलावर ठेवलं. "या मजल्यावर एकवीस खाटा आहेत आणि आम्ही तिघी आहोत! गंमत वाटते का तुम्हाला? पुन्हा असं केलंत ना, तर बाहेर काढीन. तिघांनाही." आणि ती तशीच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, नाकपुड्या फुलवून, उत्तराची वाट बघत.